दिनविशेष : ज्या चर्चने ‘चर्चगेट’ला नाव दिलं

२५ डिसेंबर १७१८. ऐन नाताळच्या दिवशी मुंबईच्या किल्ल्यात सेंट थॉमस चर्च उपासनेसाठी खुलं झालं. शहरातलं हे पहिलं अँग्लिकन चर्च. १८३७मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला.

किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट जायची, तो चर्चगेट. १८६०च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला; नाव मात्र लोकलच्या इंडिकेटरवर रोज झळकतं. त्या गर्दीतल्या कितीजणांना चर्च ठाऊक असेल, कोण जाणे! मुंबईतली अंतरंही इथूनच मोजली जात. ‘सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल’ असं कोरलेले काळे दगड फुटपाथमध्ये अर्धेअधिक गाडले गेले होते. अलीकडे त्यातले काही उकरून पुन्हा उभे केले आहेत.

जीर्णोद्धारानंतर २००४मध्ये कॅथेड्रलला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. हॉर्निमन सर्कलच्या गोंगाटातून आत पाऊल टाकलं की पांढऱ्या भिंती, रंगीत काचा आणि संगमरवरी स्मारकंच स्मारकं. त्यांतलं गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं नक्की पाहावं : बालहत्येची प्रथा रोखण्याच्या त्यांच्या प्रयत्नांची नोंद दगडात आहे. १९११च्या भेटीत पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ज्यांवर बसले, त्या दोन खुर्च्याही इथे जपल्या आहेत. राज्य गेलं, खुर्च्या राहिल्या. नाताळच्या रात्री बाकं भरतात, तेव्हा प्रार्थनेला येणारे मुंबईकरच असतात.