गॅझेटिअर, जिल्हा
एखाद्या जिल्ह्याचा भूगोल, इतिहास, लोकजीवन, शेती, व्यापार व स्थलवर्णन यांची संकलित माहिती देणारा शासकीय संदर्भग्रंथ. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ बहुधा त्यापासूनच होतो. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे २७ खंड १८७७ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाले. रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास मुळात याच मालेसाठी लिहिला गेला. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तिच्यात नाही.

हे खंड तत्कालीन सीमांनुसार रचलेले आहेत. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात असल्यामुळे वांद्र्याची माहिती ठाणे खंडात (१८८२) शोधावी लागते. लोकसंख्येचे आकडेही एका काळाचे नाहीत : रत्नागिरी खंडात (१८८०) १८७२ च्या, तर पुणे खंडात (१८८५) १८८१ च्या जनगणनेचा आधार आहे. या दोहोंच्या दरम्यान १८७६–७८ चा भीषण दुष्काळ पडला. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी मांडून केलेली तुलना फसवी ठरते.

जातिजमातींची वर्णने सर्वांत जपून वाचावी लागतात. पुणे खंडात उचल्या जमातीचा परिचय चोरीवर जगणारे लोक असाच येतो. जन्मावरून गुन्हेगार ठरविणारा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. छापील वर्णन मात्र कायम राहिले आणि पुढील लेखकांनी ते पुष्कळदा पडताळा न घेता उतरून घेतले. लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या (१९८७) या आत्मकथनात ते जिणे प्रथमच आतून नोंदले गेले.