घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेट स्लो? जादा रिचार्ज मारण्याआधी हे तपासा

पीक विमा, महाडीबीटी, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं आता ऑनलाइन. शेवटच्या तारखेला पान नुसतं गोल गोल फिरतं आणि आपण नेटवाल्याला शिव्या घालतो. पण दोष दरवेळी नेटचाच असतो असं नाही. तो नेमका कुठं आहे हे घरच्या घरी समजतं.

१) रेंज की कॉम्प्युटर? हॉटस्पॉट वापरत असाल तर आधी मोबाइलवर स्पीड टेस्ट करा, मग त्याच जागी कॉम्प्युटरवर. दोन्हीकडं कमी आला तर रेंजचा प्रश्न. मोबाइलवर चांगला आणि कॉम्प्युटरवर कमी आला, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून बघा. फरक पडला तर कॉम्प्युटरचं वायफाय कमजोर आहे.

२) लँडलाइनचं नेट असेल तर फोन कानाला लावा. खरखर येत असेल तर वायरचे सांधे गंजलेत किंवा पाणी शिरलंय. पावसाळ्यात हे हमखास होतं. तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

३) नेट कोण खातंय? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. बरेचदा मागं विंडोजचं अपडेट चालू असतं. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर नेट नव्हे, मशीनच दमलंय. नको ते प्रोग्राम बंद करा.

४) तारीख बघा. माझ्याकडं एकदा एकही सरकारी साइट उघडेना. दोन दिवस रेंजला दोष दिला. शेवटी कळलं, कॉम्प्युटरची तारीख काही वर्षं मागं गेलेली. तारीख चुकली की साइट सुरक्षित नाही असं सांगून ब्राउझर अडवतो. आतला सीआर २०३२ हा गोल सेल संपला की लाइट गेल्यावर असं होतं. सेल स्वस्तात मिळतो.

५) विंडोज ७ असेल तर क्रोमची नवी आवृत्ती २०२३ पासून मिळत नाही. काही साइट त्यामुळंच अडतात. तिथं रिचार्ज वाढवून उपयोग नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर तारीख संपायची वाट बघू नका. कागदपत्रं घ्या आणि जवळच्या सेवा केंद्रात जाऊन फॉर्म भरा. कॉम्प्युटर नंतर दुरुस्त होईल, गेलेली तारीख परत येत नाही.