पुरवणीतला कच्चा लिंबू

लहानपणी मोठ्या भावंडांच्या मागे लागून आपण त्यांच्या खेळात शिरायचो, तेव्हा ती म्हणायची, "घ्या हिला, पण ही कच्चा लिंबू हं!" म्हणजे धावायचं, ओरडायचं, घामाघूम व्हायचं, पण आपण बाद झालो तरी बाद नाही आणि कुणाला बाद केलं तरी ते धरायचं नाही. हा शब्द परवा कित्येक वर्षांनी ऐकला, तोही नातीच्या तोंडून. "आजी, मी त्या टेबलावर कच्चा लिंबू झालेय. आता जाणारच नाही."

टेबल कसलं, तर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं. ब्लॉगवाल्या मंडळींना माहीत असेल, पण आमच्या नातेवाइकांसाठी सांगते. यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे चार-पाच जण त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि एखादा बेत साधला की फसला हे फासे ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो: योद्धा, जादूगार, धर्मगुरू, चोर वगैरे. नातीने योद्धा घेतला होता. शेजारच्या मित्राचा ड्रुइड, म्हणजे रानातला पुजारी, आणि त्याच्याबरोबर एक लांडगा. "आजी, त्याचा नुसता लांडगाच माझ्याइतका लढतो! आणि तो स्वतः मंत्र टाकतो ते वेगळंच."

ही मुलं २००३ सालच्या नियमांनी खेळतात, कारण खेळवणाऱ्या मुलाकडे त्या काळातल्या पुस्तकांची चळत आहे. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे 'असं का झालं?' विचारल्याशिवाय मला राहवत नाही. पंधरा-वीस दिवस वाचत बसले. जे सापडलं ते आमच्या पेशाच्या फार जवळचं निघालं.

खेळ सुरू झाला १९७४ साली, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे दोघे कर्ते. तीन बारक्या पुस्तिका आणि क्लासही तीनच: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. त्यातला धर्मगुरूसुद्धा समतोलासाठीच जन्मला होता. आर्नसनच्या खेळात एकाचं पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर होऊन बसलं आणि कुणालाच आवरेना, तेव्हा त्याला उतारा म्हणून हा आला. गंमत म्हणजे पुढची पन्नास वर्षं खेळ याच वळणाने गेला. एक जण डोईजड झाला की त्याच्यावर दुसरा आणायचा.

पहिल्या तीन क्लासमधला तोल काळावर बेतलेला होता. जादूगाराला सुरुवातीला दिवसाला एकच मंत्र. तो संपला की बिचारा योद्ध्याच्या पाठीमागे उभा. पण पाचव्या पातळीला त्याच्या हाती आगीचा गोळा येतो. जितकी पातळी तितके फासे टाकायचे आणि जेवढे शत्रू त्या गोळ्यात सापडतील त्या सगळ्यांना ती इजा. योद्धा बेरजेने वाढतो आणि जादूगार गुणाकाराने! याची भरपाई म्हणून जादूगाराला दुसऱ्या पातळीला जायला २,५०० गुण लागत, योद्ध्याला २,००० आणि धर्मगुरूला १,५००. जादूच्या तलवारीही योद्ध्याच्याच हातच्या. 'आधी तू सोस, मग मी सोसेन' असा हा करार. अडचण एवढीच, की करार पुरा व्हायला वर्ष-दोन वर्षं तीच मंडळी त्याच टेबलावर टिकायला हवीत.

मग आल्या पुरवण्या. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलं "बाई, पुरवणी!" म्हणून हात वर करतात ना, तशाच. मूळ उत्तरपत्रिकेत मावलं नाही ते इथे. पहिली पुरवणी 'ग्रेहॉक', १९७५ची, गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांची. तोवर सगळ्या शस्त्रांना सहा बाजूंचा एकच फासा होता. आता तलवारीचा वेगळा, सुऱ्याचा वेगळा. योद्ध्याच्या जिवाला आठ बाजूंचा फासा, तर जादूगाराला चारचा. योद्ध्याचं भलं झालं म्हणावं, तर त्याच पुस्तकात जादूगाराच्या मंत्रांच्या पायऱ्या सहावरून नऊ झाल्या. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने त्याहून जास्त दुसऱ्याला दिलं.

याच पुरवणीत दोन नवे क्लास आले. एक पॅलाडिन, धर्मनिष्ठ शूर योद्धा. साध्या योद्ध्यापेक्षा सरस. पण तो व्हायला 'करिष्मा' या गुणात १७ तरी हवेत. तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याच्या शक्यता २१६ पैकी ४. म्हणजे दुर्मिळ आहे म्हणून जास्त दिलं तरी चालेल, असा हिशेब. मला हा हिशेब पटला नाही. ज्याला नशिबाने आधीच जास्त मिळालं, त्यालाच वर आणखी बक्षीस! वर्गात आपण हेच करत आलो, म्हणा.

दुसरा क्लास चोराचा. कुलूप उघडणं, सापळे काढणं, सावलीत लपणं ही त्याची कामं. त्याच्या यशाची टक्केवारी छापून आली. पहिल्या पातळीला सावलीत लपण्याची शक्यता फक्त १० टक्के. आता बघा हं. त्याआधी कुठलाही खेळाडू म्हणू शकत होता, "मी खांबाआड लपतो", "मी काठीने जमीन ठोकून बघते". चोर आल्यावर बाकीच्यांना वाटू लागलं की हे आपलं काम नव्हे. आणि ज्याचं काम, त्याला दहापैकी नऊ वेळा जमेना! शाळेत चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक आले की बाकीच्या बाई फळ्यावर चित्र काढायचं सोडून देतात, तसं काहीसं.

पुढे 'ब्लॅकमूर'मध्ये (१९७५) मंक आणि मारेकरी आले, 'एल्ड्रिच विझार्ड्री'त (१९७६) ड्रुइड आला. होय, नातीच्या मित्राचा तोच तो.

१९७८च्या मोठ्या नियमपुस्तकात योद्ध्यासाठी एक गोष्ट मला फार आवडली. नवव्या पातळीला त्याने गढी बांधून आजूबाजूचा मुलूख निर्धोक केला, की शिपाई आपणहून त्याच्या चाकरीला येत आणि रयतेकडून महसूल मिळे. जादूगाराकडे मंत्र, तर याच्याकडे माणसं. किल्ल्यांच्या मुलखात वाढलेल्या आपल्याला यातली ताकद वेगळी सांगायला नको.

१९८५च्या 'अनअर्थ्ड आर्काना' या पुरवणीने मात्र वेगळाच घोळ घातला. तिच्यातला बार्बेरियन दणकट, जिवाला बारा बाजूंचा फासा. त्याची किंमत म्हणून दुसऱ्या पातळीला ६,००० गुण, आणि शिवाय स्वभावाची अट: त्याला जादूचा तिटकारा, सुरुवातीला तो जादूगाराची संगतसुद्धा करणार नाही. आता ही शिक्षा कुणाला? त्याच टेबलावर जादूगार घेऊन बसलेल्या मुलीला! ताकद एकाने घ्यायची, किंमत शेजाऱ्याने मोजायची. सगळ्या पुरवण्यांमध्ये मला ही चूक सर्वांत मोठी वाटली.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. तोवर मूळ कंपनी विकली गेली होती. नव्या कर्त्यांनी सगळ्या क्लासना गुणांचा एकच तक्ता लावला. दिसायला केवढं न्याय्य! पण त्या वेगवेगळ्या तक्त्यांत जुना करार दडलेला होता, तो मोडला. योद्ध्याची गढी आणि शिपाईही त्याच्या वर्णनातून गेले. अंगावर वार झाला तरी मंत्र वाचवणं जादूगाराला सोपं झालं. आणि २००३ नंतर पुरवण्यांचा पूर आला. प्रत्येक पुस्तकात नवे मंत्र. ड्रुइड आणि धर्मगुरू यांना त्यांच्या यादीतला कुठलाही मंत्र रोज निवडता येतो, त्यामुळे नवं पुस्तक आलं की त्यांना ते फुकटात मिळे. योद्ध्याला मात्र आपल्या मोजक्या जागांमधली एक खर्च करावी लागे. म्हणजे पुरवणी सगळ्यांसाठी छापली तरी सगळ्यांना सारखी पोचत नव्हती. नातीच्या लांडग्याचं मूळ इथे आहे.

२००६च्या 'टोम ऑफ बॅटल'ने तलवारवाल्यांनाही मंत्रांसारखे डाव दिले. काही खूश झाले, तर काही म्हणाले, हा योद्धा राहिलाच नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्यांनाच एका साच्यातल्या शक्ती मिळाल्या: काही केव्हाही वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. कुणी कच्चा लिंबू उरला नाही. पण पुष्कळ खेळाडूंची तक्रार, की सगळे सारखेच वाटतात! त्यातले कितीतरी जण जुन्या नियमांवर बेतलेल्या 'पाथफाइंडर'कडे (२००९) वळले. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने क्लासमधले फरक परत आणले आणि २०२४च्या दुरुस्तीत योद्ध्याला शस्त्रांची खास कसब मिळाली. तोल साधणं अजून चालूच आहे.

हे सगळं वाचताना मला स्नेहसंमेलनातली नाटकं आठवत होती. नाटक ऐतिहासिक, म्हणून एक मुलगा मी तीन वर्षं ओळीने भालदार केला. उंच होता, शोभायचा. एकही वाक्य नाही. चौथ्या वर्षी तो तालमीला आलाच नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. दुसरा उंच मुलगा मिळाला. सगळ्यांना सारखी वाक्यं द्यायला हवी होती असं नाही, तसं नाटक होत नाही. पण त्याच्या एका वाक्यावाचून नाटक अडलं असतं, एवढं तरी मी करू शकले असते.

समतोल म्हणजे मला आता एवढंच कळतं. ताकद सारखी नसेना का, प्रत्येकावाचून गोष्ट कुठेतरी अडली पाहिजे. हे काम कुठलीच पुरवणी पुरतं करू शकलेली नाही. ते शेवटी खेळवणाऱ्याचंच.

नातीला म्हटलं, न सांगता गळून जाऊ नकोस. त्या मुलाला सरळ सांग की माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही. कदाचित त्याच्या लक्षातच आलं नसेल. आणि १९७८मधली ती गढी आणि ते शिपाई माग त्याच्याकडे. ती हसली. शनिवारी जाणार आहे म्हणते.

असो. काय झालं ते कळवीनच.