नामदेवांचे गुरु

हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला तो 1999 साली. परंतु त्याच्या भूमीचा महाराष्ट्राच्या धर्मेतिहासाशी असलेला संबंध सात शतकांहून जुना आहे. कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. काही विद्वान हा मान इतर गावांस देतात हे खरे. तथापि नर्सीचा हक्क जुना व बलवत्तर आहे. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पूजिले जाणारे क्षेत्र आहे, आणि नामदेवांस गुरु लाभले ते तेथेच, असे परंपरा सांगते. ज्या प्रांतात देह जन्मला त्याच प्रांतात परमार्थाचाही दुसरा जन्म व्हावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

आपल्या परंपरेत गुरूस देवाच्या बरोबरीचे, किंबहुना काकणभर अधिकच स्थान दिलेले आढळते. त्यामुळे सुशिक्षित मनात एक शंका सहज उठते. ज्याची देवावर अनन्य भक्ती आहे, त्यास मध्यस्थाची गरज काय? या शंकेचे उत्तर तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा नामदेवांच्या चरित्रात शोधणे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते. कारण नामदेव गुरूकडे गेले ते कोरे शिष्य म्हणून नव्हे. 1270 साली जन्मलेला हा शिंप्याचा पुत्र पंढरपुरी विठ्ठलाचा लाडका भक्त म्हणून तोपर्यंत नावारूपास आलेला होता.

कथा सर्वश्रुत आहे. तेर येथे गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी, यांतील मडकी पक्की किती व कच्ची किती ते पाहा, असे गोरोबांस सुचविले. गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकले. बाकीचे स्वस्थ राहिले, नामदेव मात्र रागावले. आणि हे मडके कच्चे, असा निकाल पडला. दुःखी होऊन ते पंढरीस परतले, तेव्हा प्रत्यक्ष विठ्ठलानेच त्यांस विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. औंढ्याच्या देवालयात नामदेव पोचले तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले! नामदेवांनी निषेध करताच विसोबा म्हणाले की, जेथे देव नाही अशा ठिकाणी माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी जिकडे पाय फिरविले, तिकडे लिंग प्रकट झाले.

ही कथा विस्ताराने सांगणारे महिपती 'भक्तविजय' लिहितात ते 1762 साली, म्हणजे घटनेनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी. तेव्हा तिच्यातील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही. शिवाय नामदेवांच्या गाथेत पुढील काळातील त्याच नावाच्या कवींची रचना मिसळलेली आहे. परंतु संशयाच्या भरात सारेच टाकून देणेही योग्य नव्हे. खेचर हे आपले गुरु, असा उल्लेख नामदेवांच्या नावावरील अभंगांत वारंवार येतो.

याहून महत्त्वाचा पुरावा मिळतो तो महाराष्ट्राबाहेर. 1604 साली गुरु अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदात, हीन जातीचा म्हणून भजन करिताना देवळातून उठविले गेल्याची व्यथा आहे, आणि मग देऊळच भक्ताकडे वळले व पुजाऱ्यांकडे त्याची पाठ झाली, असे वर्णन आहे. पदात क्षेत्राचे नाव नाही. परंतु महाराष्ट्रात ही कथा औंढ्याचीच म्हणून सांगतात. दुसरे एक पद सर्वस्वी गुरुमहिम्याचे आहे. गुरु लाभला तर काय काय घडते याची त्यात एकामागून एक गणना केली असून, देऊळ फिरले तेही गुरूमुळेच, असे त्यात म्हटले आहे. महिपतींच्या दीडशे वर्षे आधी, मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, गुरु आणि देऊळ या दोन गोष्टी नामदेवांच्या नावाशी अशा जोडल्या गेल्या होत्या.

ही जोडणी आम्हांस फार मोलाची वाटते. देव एका लिंगात, एका गाभाऱ्यात, एका विटेवर कोंडलेला नाही, हा विसोबांचा उपदेश. तो केवळ वेदान्तातील सिद्धान्त म्हणून राहिला असता तर पंडितांच्या पोथीत पडून राहता. परंतु ज्यास जातीच्या नावाखाली देवळाबाहेर काढिले जाते, त्याच्या दृष्टीने या उपदेशाचा अर्थ अगदी रोकडा आहे. देव सर्वत्र असेल तर त्याच्या दारावर पहारा कोणी करावा? गुरूने शिष्यास येथे नवा देव दिला नाही. देवाभोवतीची भिंत तेवढी पाडिली.

आणि भिंत पडली तरी विठ्ठल सुटला नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पंजाबातील पदांतही विठ्ठलाचे नाव आहेच, आणि देहान्ती नामदेवांनी जागा मागितली ती पंढरीच्या महाद्वारातील पायरीची. विसोबांनी शिष्याचे प्रेम हिरावून घेतले नाही, किंवा ते स्वतःकडेही वळविले नाही. विसोबांच्या नावाची वारी निघत नाही. वारकरी चालतो तो विठ्ठलाकडे. खऱ्या गुरूचे लक्षण आम्ही येथे पाहतो. तो शिष्याच्या आणि देवाच्या मध्ये उभा राहत नाही. मध्ये जे काही उभे असेल ते दूर करून स्वतःही बाजूस होतो.

विसोबांविषयीची दुसरी आख्यायिकाही या दृष्टीने बोलकी आहे. हेच विसोबा पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांचे कट्टर द्वेष्टे होते, आणि त्यांनी मांडे भाजण्यासही परळ मिळू दिला नाही, असे सांगतात. पुढे पश्चात्ताप पावून ते त्याच भावंडांस शरण गेले. म्हणजे ज्याचा अहंकार वयाने लहान असलेल्यांपुढे गळाला, तोच पुढे नामदेवांचा अहंकार गाळण्यास अधिकारी ठरला.

गुरूची परीक्षा अखेर शिष्याच्या आचरणात होते. परंपरेनुसार 1338 साली मंगळवेढ्यास वेशीची भिंत कोसळून चोखोबा दगावले, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधिली ती नामदेवांनी. ज्यास देवळात प्रवेश नव्हता, त्याचे नाव देवळाच्या दारात कायमचे राहिले. त्याच नामदेवांची स्मृती पंजाबातील घुमान गावाने जपिली, आणि 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले.

गुरु करावा की न करावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु आज ज्यांस गुरु म्हणून मस्तक नमवावयाचे, त्यांस औंढ्याची कसोटी अवश्य लावावी. त्यांच्या सहवासाने आपला देव मोठा झाला की लहान? आपल्या घराचे दार अधिक उघडले की अधिक मिटले? नामदेवांचे दार तर असे उघडले की त्यातून पंढरी आणि पंजाब एक झाले.