दोरीची दोन कामं

गेल्या सीझनला मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ डायव्हिंगला गेलो होतो. खाली प्रवाहात मी आणि माझा जोडीदार गटापासून सुटलो. नियमाप्रमाणे वर आलो, तर बोट दीड-दोनशे मीटरवर आणि बोटीवरचे सगळे बेटाकडे तोंड करून उभे. हात हलवले, बोंबललो. इंजिन चालू असताना ऐकू येतंय होय! लाटेच्या खळग्यात गेलो की आम्हालाच बोट दिसायची नाही, तर त्यांना आमची डोकी कुठून दिसणार? वीसेक मिनिटांनी कुणाचं तरी लक्ष गेलं. घरी हे सांगताना मी 'पाचेक मिनिटं' म्हणालो होतो. असो.

पुढच्या वेळी बायकोही येणार आहे. म्हणून बोया विकत घ्यायचा ठरवला. बोया म्हणजे पाण्याखालून वर सोडायची, हवा भरलेली भडक रंगाची नळी. 'मी इथे आहे' एवढंच सांगणारी. बघायला बसलो किमती, आणि सवयीप्रमाणे पोचलो इतिहासात.

जपानमधल्या आमा बायका पिढ्यान्‌पिढ्या श्वास रोखून समुद्रात बुड्या मारत आल्या आहेत. शंख-शिंपले काढायचे. त्यांच्यात दोन तऱ्हा होत्या. काही जणी किनाऱ्यावरून पोहत जायच्या, सोबत दोरीला बांधलेलं तरंगतं लाकडी घमेलं. त्यात माल टाकायचा, त्यालाच धरून दम खायचा. काही जणी होडीतून जायच्या. होडीत बहुतेक वेळा नवरा, त्याच्या हातात दोरी. दोरीला हिसका बसला की त्याने ओढून वर घ्यायचं. (संसाराची इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडे पाहिलेली नाही.)

पुढे तांब्याच्या शिरस्त्राणवाले पाणबुडे आले. त्यांना वरून नळीने हवा, आणि सोबत दोरी. वर माणूस कायम हजर.

मग 1943 साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग बनवलं. हवा पाठीवर आली, नळी गेली, माणूस माशासारखा मोकळा झाला. नळीबरोबर दोरीही गेली. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं. जुना कोड 'आता गरज नाही' म्हणून उडवायचा आणि महिन्याभराने कळतं, तो आणखी एक काम गुपचूप करत होता. खालचा माणूस नेमका कुठे आहे हे वरच्याला कळवणं, हे ते दुसरं काम.

ती उणीव हळूहळू भरली गेली. 1956 मध्ये अमेरिकेत मिशिगनला लाल कापडावर तिरकी पांढरी पट्टी असलेला झेंडा निघाला. तो इतर बोटींना सावध करतो, पण लावतात बोटीवर किंवा तरंगावर. प्रवाहात वाहून गेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्यासाठी स्वतःबरोबर नेण्याचा बोयाच हवा.

आता खरेदीचं. तोंड उघडं असलेली नळी स्वस्त, पण वर जाऊन आडवी झाली की हवा सोडते. मी बंद तोंडाची, जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेली घेतली. 5 मीटरवर दाब दीडपट असतो, म्हणजे तिथे दोन तृतीयांश भरली की वर पूर्ण फुगते. दीड मीटर उंच, 15 सेंटिमीटर व्यासाची नळी पूर्ण भरली की 20 किलोहून जास्त उचल देते. म्हणून दोरीची फिरकी हातातच ठेवायची, अंगाला अडकवायची नाही. ती अडकली तर बोयासकट तुम्हीही वर. रंग नारंगी. काही ठिकाणी पिवळा म्हणजे 'संकटात आहे' असा संकेत आहे, पण सगळीकडे नाही, आणि बोटवाल्याला ठाऊक नसेल तर संकेत कसला!

इथेच मी अडलो. 25 जानेवारी 1998 ला ऑस्ट्रेलियात, ग्रेट बॅरिअर रीफवर टॉम आणि आयलीन लोनर्गन हे अमेरिकन जोडपं पाण्यात असतानाच बोट परत गेली. माणसं मोजण्यात चूक झाली होती. बोटीवर राहिलेली त्यांची बॅग दोन दिवसांनी कुणीतरी उघडली, तेव्हा शोध सुरू झाला. पुढे त्यांची पाण्यात लिहायची पाटी सापडली. तिच्यावर मदतीची हाक आणि तारीख, 26 जानेवारी. म्हणजे दुसऱ्या दिवशीही ते जिवंत होते, आणि त्या दिवशी त्यांना कुणी शोधतच नव्हतं. दोन मीटरचा बोया असता तरी त्या सकाळी तो बघणार कोण होतं? त्यानंतर क्वीन्सलंडमध्ये माणसं मोजण्याचे नियम कडक झाले.

काल हॉलमध्ये नळी फुगवून उभी केली. बायको खालून वरपर्यंत बघून म्हणाली, "एकच आणलीस?"

दुसरी मागवली. मग बोटवाल्याला फोन लावला. मोडक्या हिंदीत विचारलं, नारंगी नळी दिसली तर काय कराल? तो म्हणाला, लगेच येतो. आणि फोन ठेवण्याआधी त्यानेच विचारलं, "आदमी कितना है आप लोग? पक्का बोलो, मैं लिखता हूँ."