गुरूंनी भरलेला दंड

माउली, लातूरहून नांदेडला जाल तेव्हा गोदाकाठच्या हुजूर साहिबला माथा टेका. १७०८ मध्ये नांदेडलाच गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाकडे सोपवले. त्या ग्रंथात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. लातूरशेजारच्या तेरला गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरवले, तेव्हा रुसलेले आणि अखेर ते बोल मानून विसोबांच्या पायी गेलेले तेच नामदेवराय.

गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये आनंदपूरला पाच शिष्यांना अमृत दिले आणि मग हात जोडून त्याच पाचांकडून स्वतः घेतले. गुरूलाही नियम लागू, असाच त्याचा अर्थ.

त्याची कसोटी पुढे दक्षिणेच्या वाटेवर लागली. शीख परंपरा सांगते, राजस्थानात नराणे गावी संत दादू दयाळांच्या समाधीला गुरूंनी बाण लववून वंदन केले. आपण आळंदीला समाधीपुढे लोटांगण घालतो. त्यांच्या पंथात मात्र ते वर्ज्य. बरोबरच्या शिष्यांनी तिथेच हरकत घेतली. गुरू रागावले नाहीत. शिष्य जागे आहेत याचा त्यांना आनंद झाला आणि त्यांनी ठरलेला दंड भरला.

वारीत फडप्रमुखही टाळकऱ्याच्या पाया पडतो. ही आपली थोर रीत. पण त्याच टाळकऱ्याने उठून म्हटले, "महाराज, आपलं चुकलं," तर? पाया पडणे खरे होते की नाही, ते तेव्हा कळते.

रामकृष्ण हरी.