सडकेच्या दोन टोंकांवरील कॉफीगृहें

गोंदिया जिल्ह्यांतील सडक अर्जुनीच्या नांवांतच सडक आहे. याच जिल्ह्यांत अर्जुनी मोरगांव हें तालुक्याचें दुसरें ठिकाण असल्यामुळें, सडकेवरची ती सडक अर्जुनी, असा भेद सहज ध्यानांत येतो. ही सडक म्हणजे इंग्रजी अमदानींत नागपुराहून भंडाऱ्यावरून रायपुराकडे गेलेला ग्रेट ईस्टर्न रोड. पुढें तोच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि आतां त्याचा क्रमांक ५३ आहे. लोकांच्या तोंडीं मात्र मुंबई-कोलकाता रस्ता हेंच नांव आहे. हिंदुस्थानांतील कॉफीगृहांच्या इतिहासांत ज्यांचा उल्लेख टाळतां येणार नाहीं, अशीं दोन स्थळें या वाटेच्या दोन टोंकांस आहेत. मधल्या या धानाच्या आणि तळ्यांच्या मुलखांत मात्र कॉफी उशिरा पोंचली व पोंचली तीही पातळ होऊन. असें कां झालें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

कॉफीचा दाणा मराठी माणसास अगदींच अनोळखी नव्हता. ‘बुंद’ हा अरबींतून आलेला शब्द जुन्या मराठींत त्यासाठींच आहे. सतराव्या शतकांत बाबा बुदन नांवाच्या फकिरानें मक्केहून परततांना सात बिया लपवून आणल्या व चिकमगळूरजवळच्या डोंगरांत त्या पेरल्या, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्या डोंगरास आजही त्याचेंच नांव आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें आणि कुर्गांत गोऱ्या मळेवाल्यांनीं मोठाले मळे केले. परंतु पीक येथलें आणि पिणारा विलायतेंतला, असा तो व्यवहार होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत भाव कोसळले, तेव्हां कोठें मळेवाल्यांस घरचें गिऱ्हाईक आठवलें! १९३५ च्या कायद्यानें कॉफीवर उपकर बसला, त्या पैशावर एक समिति चालूं लागली आणि १९३६ सालीं तिनें मुंबईंत चर्चगेट येथें पहिलें ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडलें. महायुद्धानें युरोपची बाजारपेठ बंद पाडल्यावर हें काम अधिकच निकडीचें झालें. १९४२ च्या कायद्याखालीं कॉफी बोर्डाचा कारभार चालूं लागला, आणि त्याच वर्षीं कोलकात्यास कॉलेज स्ट्रीटवरील अल्बर्ट हॉलमध्यें कॉफीगृह सुरू झालें. त्या दशकांत अशीं गृहें देशभर पन्नासाच्या घरांत गेलीं.

कॉफीगृहाची परीक्षा पेल्यावरून करावी कीं वाढणाऱ्यावरून? लंडनांत १६५२ च्या सुमारास पास्क्वा रोझे यानें पहिलें दुकान काढलें, तेव्हांपासून हा वाद आहे. तेथें एका पेनीच्या कॉफीवर तासन्‌तास राजकारण चाले. १६७५ च्या डिसेंबरांत दुसऱ्या चार्ल्स राजानें हीं दुकानें बंद करण्याचा हुकूम काढला, आणि लोकांचा क्षोभ पाहून थोड्याच दिवसांत तो मागें घेतला. कॉफी वाईट होती, अशी राजाची तक्रार नव्हती! आपल्या कॉफीगृहांचेंही तसेंच. पांढरा पोषाख, डोक्यास पंख्यासारख्या तुऱ्याचा फेटा, आणि एका पेल्यावर दुपार घालविणाऱ्यास ‘उठा’ न म्हणण्याची सभ्यता, ही त्या सेवेची खूण. पेयाबद्दल एवढेंच म्हणावें कीं, अर्क ताज्या दळलेल्या पुडीचा असावा आणि दूध त्यावर मात करणारें नसावें. पुडींत चिकोरीची भाजलेली मुळी मिसळतात, तिनें रंग गडद होतो व पोत येतो. पण तिच्यांत कॉफीची तरतरी नाहीं. म्हणूनच अशा मिश्रणांत निदान ५१ टक्के कॉफी असावी, असा आपल्याकडे नियम आहे. गिऱ्हाइकानें रंगावर भुलूं नये तें यासाठीं.

सडक अर्जुनीस किंवा जवळच्या कोहमाऱ्याच्या चौफुल्यावर यांतलें कांहींच आलें नाहीं. तेथें चहा आला. चहावरील उपकराचा कायदा १९०३ चा, म्हणजे कॉफीहून बत्तीस वर्षें आधींचा. आणि चहावाल्यांच्या प्रचारकांनीं शहरांतील दिवाणखाना न धरतां रेल्वेचें फलाट व बाजार धरले. कॉफी बोर्डानें खुर्च्या मांडल्या, चहावाल्यांनीं किटली फिरविली. खेड्यापाड्यांतून किटली जिंकली, यांत नवल तें काय? महामार्गावरच्या टपरींत कॉफी मागितली, तर बहुधा उकळत्या दुधांत साखर व झटपट कॉफीची पूड ढवळून मिळते. अशी एक पूड १९३८ मध्यें स्वित्झर्लंडांत विक्रीस आली. पेय गरम असतें, गोड असतें, कॉफी मात्र तींत शोधावी लागते. तरी रात्रीं-अपरात्रीं ट्रकवाल्यास हांकेसरशी पेला देणाऱ्या त्या दुकानदाराची सेवा फेटेवाल्याहून उणी म्हणतां येणार नाहीं.

फेटेवाल्यांवरही पुढें प्रसंग आला. १९५० नंतर कांहीं वर्षांतच बोर्डानें आपलीं कॉफीगृहें मिटविण्याचें ठरविलें. विक्री वाढविण्याचें काम झालें, असें मानलें तर दुकानें नकोत हें हिशेबास धरून होतें. पण त्या हिशेबांत नोकरांच्या चुली नव्हत्या. साम्यवादी पुढारी ए. के. गोपालन यांच्या सल्ल्यानें नोकरांनीं दुकानें आपल्याच हातीं मागितलीं, सहकारी संस्था काढल्या आणि ‘इंडिया’चें ‘इंडियन कॉफी हाउस’ केलें. बंगलोरची संस्था १९ ऑगस्ट १९५७ ची. कोलकात्याचें गृह १९५८ त बंद पडतांच प्राध्यापकांनीं सरकारकडे अर्ज धाडला व तें त्याच वर्षीं पुन्हां उघडलें. गिऱ्हाइकानें सेवेचा निकाल याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच दिला असेल.

अशीच एक संस्था जबलपुरास निघाली. १९५६ च्या नोव्हेंबरापर्यंत जबलपूर, रायपूर आणि त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यांतील सडक अर्जुनी हीं एकाच प्रांतांत होतीं. पुढें सीमा मध्यें आली, आणि संस्थेचा विस्तार मुख्यत्वें सीमेपलीकडे झाला. आज सडक अर्जुनीहून याच रस्त्यानें पूर्वेस निघालेला प्रवासी देवरी ओलांडून छत्तीसगडांत शिरला कीं, भिलाई-रायपुरास त्यास तिचीं कॉफीगृहें भेटतात. तेथें टेबलावर पेला आणून ठेवणारा तुरेवाला हा दुकानाचा निव्वळ नोकर नसून संस्थेचा सभासद असतो.